टॅरँट्युला घरी पाळताना घ्यावयाची काळजी

नवख्या माणसाने पहिला टॅरँट्युला (मोठा, केसाळ कोळी) म्हणून मेक्सिकोच्या प्रशांत महासागराकडील किनारपट्टीत आढळणारा ‘रेड नी’ निवडावा. तो जमिनीत बीळ करून राहतो, स्वभावाने बराच शांत असतो आणि त्याची मादी वीस वर्षांहूनही अधिक जगू शकते, तेव्हा एवढ्या काळाची तयारी असेल तरच पुढे जावे. १९८५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या जागतिक कराराचे नियंत्रण असल्याने बंदिस्त अवस्थेत जन्मलेला, कागदपत्रे असलेलाच कोळी घ्यावा व भारतात राहत असल्यास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी. सह्याद्रीतील झाडांच्या ढोल्यांत राहणारे टॅरँट्युला मात्र पकडून आणू नयेत; ते जंगलातच राहिले पाहिजेत.

पेटी लांबरुंद असावी, उंच नसावी. कोळ्याचे पोट इतके नाजूक असते की थोड्या उंचीवरून पडूनही ते फुटते आणि तो दगावतो. म्हणून तळाशी किमान दहा सेंटीमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाबून भरावे आणि वर झाकणापर्यंत कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून अधिक जागा ठेवू नये. लपण्यासाठी झाडाच्या सालीचा तुकडा, पाण्याची उथळ वाटी आणि हवेसाठी छिद्रे एवढे पुरते. दिव्याची ऊब देऊ नये.

प्रौढ कोळ्याला आठ-दहा दिवसांतून एकदा एखादा रातकिडा किंवा विकत आणलेले पैदाशीचे झुरळ द्यावे. घरातले झुरळ देऊ नये, कारण त्याच्या अंगावर कीटकनाशक असू शकते. त्याच कारणाने पेटीच्या खोलीत डास मारण्याची अगरबत्ती, फवारा किंवा पेस्ट कंट्रोल पूर्णपणे टाळावे. न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढून घ्यावा.

कोळ्याने खाणे सोडले, रंग फिका पडला आणि पोटावरील केस झडलेली जागा काळी दिसू लागली की तो कात टाकणार असे समजावे. मग तो जाळ्याची चटई विणून तीवर चक्क उताणा पडतो आणि कित्येक तास जवळजवळ निश्चल राहतो. नवखी माणसे तो मेला असे समजून त्याला हलवतात आणि तेच त्याच्या जिवावर बेतते. (मरणारा कोळी सहसा उताणा पडत नाही, तो पालथाच राहून पाय पोटाखाली आक्रसून घेतो.) या काळात पेटीला हातही लावू नये, फक्त वाटीत पाणी असू द्यावे. कात टाकल्यावर त्याचे सुळे पांढरे आणि मऊ असतात, पुढे ते तांबूस व शेवटी काळे होतात. ते काळे झाल्याखेरीज, म्हणजे साधारण दहा दिवस, जिवंत भक्ष्य आत सोडू नये, कारण साधा रातकिडाही या अवस्थेतील कोळ्याला कुरतडू शकतो.

कोळ्याला हातावर घेऊ नये. डिवचला गेल्यास तो मागच्या पायांनी पोटावरचे बारीक काटेरी केस उडवतो आणि त्यांनी त्वचेला तीव्र खाज सुटते. पेटी साफ करताना हातमोजे व चष्मा वापरावा आणि केस डोळ्यात गेल्यास डोळा न चोळता पाण्याने धुऊन नेत्रतज्ज्ञाकडे जावे.