अर्ज करण्यापूर्वी कॅलटेक नीट समजून घ्या

खासगी संशोधन विद्यापीठाची माहिती काढताना बहुतेक विद्यार्थी जागतिक क्रमवारीपासून सुरुवात करतात. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे १८९१ साली स्थापन झालेल्या कॅलटेकचा, म्हणजे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा, विचार करताना मात्र आधी तिथली विद्यार्थिसंख्या पाहावी. पदवीचे विद्यार्थी जेमतेम हजाराच्या घरात आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थी त्यांच्याहून अधिक आहेत. त्यामुळे प्राध्यापकांशी थेट ओळख होणे सोपे जाते. मात्र विषयांची विविधता मोठ्या विद्यापीठाइतकी मिळत नाही.

त्यानंतर अभ्यासक्रम वाचावा. कोणतीही शाखा निवडली तरी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचा समान पाया सर्वांना पूर्ण करावा लागतो, आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रेही त्यातून सुटत नाहीत. पहिल्या वर्षाच्या पहिल्या दोन सत्रांत श्रेणीऐवजी केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण अशी नोंद होते, ही सवलत मला फार शहाणपणाची वाटते, कारण शाळेत सतत पहिल्या आलेल्या मुलांना इथे अडखळण्याची मुभा हवीच असते.

विद्यार्थिजीवनाचा कणा म्हणजे तिथली सचोटीची संहिता. कॅलटेक समुदायातील कोणत्याही सदस्याचा गैरफायदा घेऊ नये, एवढाच तिचा आशय आहे. पण तिच्याच भरवशावर अनेक परीक्षा पर्यवेक्षकाविना दिल्या जातात, आणि विद्यार्थी प्रश्नपत्रिका खोलीवर नेऊन ठरलेली वेळ संपताच स्वतःहून पेन खाली ठेवतो. गृहपाठ एकत्र बसून सोडवण्याची रीत असल्याने एकट्याने अभ्यास करणाऱ्याने आपली सवय बदलण्याची तयारी ठेवावी. वसतिगृहांना तिथे ‘हाउस’ म्हणतात आणि प्रत्येकाच्या परंपरा वेगळ्या असतात, म्हणून शक्य झाल्यास निरनिराळ्या हाउसमधील विद्यार्थ्यांशी बोलावे.

सर्वांत बारकाईने तपासावी ती संशोधनाची संधी. १९७९ पासून चालणाऱ्या ‘सर्फ’ या उन्हाळी उपक्रमात विद्यार्थी आधी मार्गदर्शक शोधतो, त्यांच्या सल्ल्याने प्रस्ताव लिहितो, दहा आठवडे विद्यावेतनावर काम करतो आणि शेवटी निबंध सादर करतो. बाहेरच्या विद्यापीठांतील पदवी विद्यार्थ्यांनाही यात अर्ज करता येतो. मार्गदर्शकाला पत्र लिहिताना त्यांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचावा आणि त्यातील नेमका कोणता प्रश्न पुढे न्यावासा वाटतो, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्टपणे मांडावे.