चावी खुंटीलाच राहू द्या

इंग्लंडात नवीन आलात की घर, शाळा, थंडीचे कोट याबद्दल सल्ले देणारे पोत्याने भेटतात. मी फक्त गाडीच्या विम्याबद्दल सांगणार आहे, कारण तिथे माझे हात चांगलेच पोळलेत.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो. लायसन्स असलेल्या कुणालाही मालकाने गाडी दिली तरी सहसा अडत नाही. म्हणून "वहिनी, जरा चावी द्या" हे वाटीभर साखर मागण्याइतकं सोपं. इथे विम्यावर माणसांची नावं असतात. ज्याचं नाव नाही, त्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. 'एनी ड्रायव्हर' पॉलिसी मिळते, पण ती महाग आणि तिलाही वयाच्या अटी असतात.

२०१८ सालचे गणपती. स्लाउमधलं आमचं घर, मी उकड मळत होते, कोपरापर्यंत हात भरलेले. शेजारचे भाऊजी आले: आईबाबा हीथ्रोला उतरलेत, टॅक्सी मिळेना. मी मानेनेच खुंटीकडे खूण केली. माझी पॉलिसी फुल्ली कॉम्प (कॉम्प्रिहेन्सिव्ह) होती आणि दहा वर्षं इथे राहून मला वाटायचं, फुल्ली कॉम्प म्हणजे सगळं आलं. तसं नसतं. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे नुकसान कुठलं भरून मिळेल ते. कोण चालवू शकतं, हा वेगळा प्रश्न.

एम-४ मोटरवेवर चढण्याआधीच पोलिसांनी अडवलं. त्यांच्या गाडीतला कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि गाडीवर कुणाचा विमा आहे ते त्यांना तिथल्या तिथे कळतं. भाऊजी फूटपाथवर उभे आणि आमची गाडी ट्रकवर चढतेय, असा फोटो त्यांनी पाठवला. डिकीत मखराच्या फुलांच्या माळा होत्या, त्या पिशवीत भरून त्यांनी बसने आणल्या. आईबाबा तोवर विमानतळावर ताटकळत.

विम्याशिवाय चालवल्याबद्दल ३०० पाउंड दंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट. भाऊजींना टेस्ट पास होऊन आठच महिने झाले होते, आणि पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स जातं. पुन्हा प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, पुन्हा थिअरी, पुन्हा प्रॅक्टिकल. मलाही ३०० पाउंड आणि ६ पॉइंट, कारण चालवू देणारा मालकही तितकाच दोषी. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर इथे चालत नाही. गाडी सोडवायला तेव्हा १५० पाउंड आणि ठेवण्याचे दिवसाला २० लागले, आता दर त्याहून जास्त आहेत. पुढच्या वर्षी हप्ता किती वाढला ते नवऱ्याला अजून नीट सांगितलेलं नाही.

आणखी एक गैरसमज. "माझ्या विम्यावर मी कुणाचीही गाडी चालवू शकतो" असं ग्रुपवर कुणीतरी ठासून सांगतं. 'ड्रायव्हिंग अदर कार्स' हे कलम तुमच्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं असेल तरच खरं. बहुतेक ठिकाणी ते फक्त पॉलिसीधारकाला, तेही पंचविशीनंतर आणि फक्त थर्ड पार्टी. म्हणजे मित्राची गाडी ठोकलीत तर तिचा खर्च तुमच्या खिशातून. आपले लोक ग्रुपवर चाळीस मेसेज वाचतील, पण ते एका पानाचं सर्टिफिकेट उघडणार नाहीत.

घरातल्यांना नेम्ड ड्रायव्हर म्हणून घाला. कधी कधी अनुभवी जोडीदाराचं नाव घातल्यावर हप्ता उतरतोसुद्धा. मात्र त्यांनी ठोकली तर नो क्लेम बोनस सहसा तुमचा घटतो. आणि एक चलाखी करू नका: गाडी रोज चालवणार नवखा मुलगा, पण स्वस्त पडतं म्हणून कागदावर मेन ड्रायव्हर दादा. याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते. आपल्यातले कितीतरी जण हे अभिमानाने सांगतात, याचं मला नवल वाटतं.

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं. तेरावा महिना लागला की नेम्ड ड्रायव्हर असूनही विम्याचा उपयोग नाही. गाडीने ऑफिसला जात असाल तर विम्यात 'कम्युटिंग' टाकलंय का बघा. जेवणाची पार्सलं पोचवायची तर विमा पूर्ण वेगळा.

खरंच अडचण असेल तर तात्पुरता विमा असतो, अगदी तासाभरापासून. ज्याला गाडी हवी त्याने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नावाने काढायचा. पाच-दहा मिनिटांचं काम. पण पोलिसांनी जप्त केलेली गाडी सोडवायला असा विमा बहुधा चालत नाही, तेव्हा तो आधीच काढायचा.

आता कुणी चावी मागितली की मी म्हणते, "भाऊजी, चहा घ्या, तोवर विमा काढा." दोघे रागावले. तिसऱ्याने चहा संपायच्या आत काढला.