बेसमेंटच्या खोलीला कुठली फरशी टाकायची? आधी ओल बघा, मग दुकानात जा

बंगल्याखाली तळघर काढलं की तिथं क्लास काढू, जिम करू, पोरांना अभ्यासाची खोली करू असं ठरतं आणि लगेच सगळे टाइल्सच्या शोरूमला पळतात. थांबा जरा. वरच्या मजल्यावर मस्त दिसणाऱ्या फरशीचं खाली दोन पावसाळ्यात वाटोळं होऊ शकतं, कारण खाली पाणी वरून सांडत नाही, ते जमिनीतून काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर चढतं आणि बऱ्याचदा डोळ्याला दिसतही नाही.

आपल्या सांगली-मिरजेकडची काळी माती पाणी पिली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, त्या हालचालीनं खालचा कोबा पण तडकतो. सांगलीतल्या शामरावनगरकडच्या लोकांना पाणी कसं तुंबून राहतं हे सांगायला नको. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उताराला घर असेल तर पुराची भीती नाही पण डोंगराचं पाणी मुरमातून झिरपत मागच्या भिंतीला येऊ शकतं. आणि आज कोरडं आहे म्हणजे कायम कोरडं असंही नाही, हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं चांगली राहायची, पण २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं गेली.

म्हणून पहिलं काम, ओल तपासा. दोन बाय दोन फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, कोबा झाडून पुसून त्यावर अंथरा आणि चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी घट्ट लावा, हवा जायला जागा ठेवू नका. दोन दिवसांनी उचला. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा तेवढा कोबा काळपट पडला असला तर ओल जमिनीतून येतीय. थेंब वरच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा आहे, तिथं फरशीपेक्षा एक्झॉस्ट फॅन आणि खिडकीचं बघा. एका जागी करून सोडू नका, भिंतीच्या कोपऱ्यात पण करा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये करा, एप्रिलमध्ये केलेली टेस्ट हमखास फसवते. भिंतीच्या बुडाला पांढरी बुकणी दिसली तर ते क्षार आहेत, म्हणजे तिथून पाणी येऊन वाळतंय. काँक्रीट नवीन असेल तर २८ दिवस झाले म्हणून घाई करू नका, ती ताकदीची मुदत झाली, चार इंचाचा थर आतून वाळायला तीन-चार महिने सहज जातात.

पाणी ओल म्हणून नाही तर चक्क पाझरून येत असेल तर कुठलीच फरशी तुम्हाला वाचवणार नाही. आधी भिंत आणि कोबा मिळतो तो सांधा बंद करा, वॉटरप्रूफिंग करा, कोपऱ्यात खड्डा काढून पंपाची सोय करा. अजून बांधकामच चालू असेल तर सोलिंगवर (दगडांच्या थरावर), पीसीसीच्या म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटच्या खाली जाड प्लास्टिक टाकून घ्या, खर्च किरकोळ आहे आणि नंतर ते घालता येत नाही.

आता फरशी. माझं मत विचाराल तर थोडी ओल असलेल्या तळघराला कोटा किंवा शहाबादी. खालची ओल वर येऊन उडून जाते, आत कोंडत नाही, क्षार आले तर पुसता येतात. फक्त कोट्यावर ॲसिड टाकू नका, चुनखडीचा दगड आहे, पॉलिश जातं. दिसायला चकचकीत पाहिजे तर व्हिट्रिफाइड घ्या, ती स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत, पण मॅट किंवा अँटीस्किडच घ्या. आणि मिस्त्रीला आधीच सांगा की ॲडेसिव्ह पूर्ण पसरून लावायचा, चार कोपऱ्याला गोळे ठेवून टाइल दाबायची नाही, खाली पोकळी राहिली की तिथंच पाणी साठतं. सांधे दोन-तीन मिलीमीटर, ते भरायला इपॉक्सी ग्राऊट, आणि भिंतीलगत थोडी फट सोडून वरून टाइलचीच स्कर्टिंग.

लाकडी लॅमिनेट अजिबात नको, आत दाबलेला लाकडाचा भुसा असतो, ओलीनं फुगून कडा उचलतात. एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) पट्ट्या पाण्यानं खराब होत नाहीत हे खरंय, पण खालची ओल अडकून बुरशी धरते, तेव्हा टेस्ट कोरडी आली तरच. इपॉक्सी कोटिंगचंही तसंच, खालून वाफ दाबते आणि फोड येतात. सगळ्यात वाईट तो पीव्हीसीचा रोल. एका क्लासच्या तळघरात तसा रोल मी कोपऱ्याला धरून उचलला होता, वरून कोरडा ठणठणीत आणि खाली सगळा काळा बुळबुळीत थर, वास असा की पोरं तिथं बसतात कशी याचंच वाईट वाटलं.

नदीकाठच्या भागात असाल तर हिशोब वेगळा करा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. तिथं तळघरात घोटलेला कोबा किंवा कोटाच ठेवा म्हणजे गाळ पाइप मारून धुता येतो, आणि बटणं-सॉकेट जेवढे उंच घेता येतील तेवढे घ्या. ऊब पाहिजे तर सतरंजी टाका, जिमला रबरी मॅट टाका, पावसाळ्यात उचलून वाळवता येतात.

एक गोष्ट लोक विसरतात, टाइलखालचा मसाल्याचा बेड आणि टाइल मिळून दोन इंच उंची वाढते, मग जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते आणि म्हातारी माणसं तिथंच अडखळतात, दरवाजाही घासतो. ते आधी मोजून घ्या. आणि मिस्त्रीचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी हातात नाणं घेऊन एकेक टाइल वाजवा, पोकळ वाजेल तिच्यावर खडूनं फुली मारा आणि ती काढून परत बसवून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.