आयरिशमधले दोन ‘आहे’

आयरिश शिकणारा मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात इंग्रजी ‘हॅव’चं क्रियापद शोधत बसतो. ते आयरिशमध्ये नाहीच. ‘ता ल्याऊर अगम’ म्हणजे ‘आहे पुस्तक माझ्याजवळ’. क्रियापद आधी, बाकी आपल्यासारखंच. भूक अंगावर असते: ‘ता ओक्रस ओरम’. उधारी दोन्ही मिळून होते: ‘ता देह युरो अगम ओर्त’, दहा युरो माझ्याजवळ, तुझ्यावर, म्हणजे तू माझे दहा युरो देणं लागतोस. एग (जवळ), एर (वर), ले (सोबत), दो (ला) ही चार अव्ययं सर्वनामाला चिकटतात, एग + मे (मी) म्हणजे ‘अगम’; त्यांची प्रत्येकी सात रूपं, एकूण 28, पाढ्यांसारखी मोठ्याने घोका. ‘एग मे’ असं सुटं कधीच नाही.

इथवर मराठी तारते. दगा देते ती ‘आहे’पाशी. ‘मी दमलेला आहे’ आणि ‘मी डॉक्टर आहे’, आपल्याला दोन्हीकडे एकच ‘आहे’. आयरिशमध्ये पहिलं ‘ता मे तिर्शख’, दुसरं ‘इस दोख्तूर मे’. ‘ता मे दोख्तूर’ हे सरळ चूक, आणि एकदा जिभेवर बसलं की महिनोन्‌महिने निघत नाही. कसोटी मराठीतच आहे: कसा, कुठे, काय करतोय याचं उत्तर असेल तर ‘ता’; कोण किंवा काय याचं असेल तर ‘इस’. ‘इस’नंतर लगेच नाम, मग सर्वनाम. नकारात ‘इस’ गायबच होतं: ‘नी दोख्तूर मे’. तिथे सवयीने ‘नील’ घुसवू नका, ते ‘ता’चं नकारी रूप.

पळवाट आहे: ‘ता शे इना घोख्तूर’, शब्दशः ‘तो त्याच्या डॉक्टरात आहे’. पण ‘ती’ असेल तर ‘ता शी इना दोख्तूर’. तिथे द मऊ होऊन घ होत नाही. पळवाटेलाही टोल आहेच.

अनियमित क्रियापदं अकराच. घाबरू नका, पण पहिल्या दिवशी अकरांचा तक्ता हातात देणारा शिक्षक टाळा. ‘खूअ मे’ (मी गेलो) शिकताना लगेच ‘नी याख मे’ (मी गेलो नाही) शिका, जोडीनेच. बोली एकच धरा. त्यांगलन या संकेतस्थळावर आयरिशच्या तिन्ही मुख्य बोलींतले उच्चार ऐकता येतात. वरची देवनागरी नुसता टेकू, स्पेलिंग पाठ करावंच लागेल.

हो-नाहीला सुटे शब्द नाहीत, त्यामुळे सरावाला प्रश्न उत्तम. ‘अन विल तू तिर्शख?’ (तू दमलेला आहेस का?) याला ‘ता’ किंवा ‘नील’. ‘अन दोख्तूर हू?’ (तू डॉक्टर आहेस का?) याला ‘शा’ किंवा ‘नी हा’. दहा प्रश्न उलटसुलट विचारायला सांगा. ‘शा’च्या जागी ‘ता’ निघालं की पुन्हा पहिल्यापासून.