संगणक अभियांत्रिकीकडे जाणारी पदविकेची वाट
पुण्यात दहावीनंतर संगणक अभियंता होण्याचा विचार पक्का असेल, तर अकरावी-बारावी आणि एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा या रुळलेल्या मार्गाइतकाच तंत्रनिकेतनातील 3 वर्षांच्या पदविकेचाही गांभीर्याने विचार करावा, कारण पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि दोन्ही मार्गांनी एकूण 6 वर्षेच लागतात. हा प्रवेश पदविकेच्या गुणांवर ठरतो. म्हणून गणिताकडे सुरुवातीपासून लक्ष द्यावे, हे मी आग्रहाने सांगेन, कारण पदवीचे पहिले वर्ष वगळले गेले तरी त्यातील गणित पुढे लागतेच. प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना शिवाजीनगरच्या, 1854 पासूनच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेसारखे नामांकित नाव दिसले, तरी त्यापुढील शाखा आपल्याला खरोखर शिकायची आहे का, हे आधी तपासावे. कारण पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाल्यास पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही.