टायर रोटेट करायची वेळ झालीये हे कसं ओळखायचं

टायर रोटेट कधी करायचे, म्हणजे पुढचे मागे आणि मागचे पुढे कधी लावायचे, असं कुणालाही विचारलं की दर १०,००० किलोमीटरला असं सांगून लोक मोकळे होतात. आकडा चुकीचा नाहीये, साधारण ८,००० ते १०,००० च्या मधे करून घ्यावं, आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधे वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरायचा. पण नुसत्या किलोमीटरवर राहू नका असं माझं अगदी मनापासून सांगणं आहे, कारण सारख्याच दोन गाड्या सारख्याच पळाल्या तरी टायर सारखे झिजत नाहीत, एक रोज ट्रॅफिकमधे ब्रेक मारत मारत जाते आणि दुसरी हायवेला सरळ पळते, मग दोघींना एकच आकडा कसा चालेल? टायर बघून, हात फिरवून आणि मोजून वेळ नीट कळते आणि चारही टायरचं मिळून दहा मिनिटांचं काम आहे.

मुळात झीज वेगवेगळी का होते ते बघा. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचे टायर गाडी ओढतात, तेच वळवतात, आणि ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं ते पण त्यांच्यावरच. मागचे बिचारे नुसते मागोमाग येतात. म्हणून पुढचे आधी झिजतात, त्यातही कडेनी जास्त. रोटेशन म्हणजे फक्त या कामाची अदलाबदल, म्हणजे चारही टायर साधारण बरोबर संपतात.

आता मोजायचं कसं. ट्रेड डेप्थ गेज म्हणून टायरच्या नक्षीची खोली मोजायचं छोटंसं यंत्र मिळतं, ते एक घेऊनच टाका. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा आणि मग इंजिन बंद करा, कारण पुढच्या टायरची आतली कड एरवी दिसतच नाही आणि नेमकी तिथेच गडबड असते. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजायचं, आतल्या कडेला, मधे आणि बाहेरच्या कडेला. खाचेच्या तळाशी मधे मधे छोटे उंचवटे असतात, सुई त्यांच्यावर टेकली तर रीडिंग कमी येतं, तेवढं सांभाळा. ते उंचवटे साधारण १.६ मिमी उंच असतात, नक्षी झिजून त्यांच्या लेव्हलला आली की तो टायर संपला, तिथे रोटेशनचा विषयच उरत नाही.

नवीन टायरला साधारण ८ मिमी नक्षी असते. समजा आज पुढे ५.६ आणि मागे ६.८ आलं. म्हणजे १.२ चा फरक पडलाय, गाडी ६,००० च पळाली असली तरी मी रोटेट करून घेईन. पुढच्या मागच्यात १ मिमीचा फरक दिसला की करायचं हा माझा नियम आहे. फरक नसला तरी मॅन्युअलचा आकडा ओलांडू नका. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर एवढंही थांबू नका, झिजलेला टायर आकाराने लहान होतो त्यामुळे तेवढ्याच अंतरात जास्त फेरे मारतो, आणि पुढची मागची चाकं एकमेकांना जोडलेली असल्यामुळे तो ताण इंजिनचा जोर चाकांना वाटून देणाऱ्या डिफरन्शियल वगैरेवर येतो, तो खर्च टायरपेक्षा कितीतरी मोठा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी पण लवकर लवकर मोजत जा, गाडी वजनाला जड आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, एकदम मिळतो, टायर लवकर झिजतात.

पण मोजण्यापेक्षा मला जास्त कळतं ते हाताने. आधी टायरमधे तार किंवा खिळा घुसलेला नाही ना ते बघा, मग तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आतून बाहेर आणि परत बाहेरून आत. एका दिशेला मऊ लागलं आणि उलट्या दिशेला करवतीसारखं टोचलं तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बिघडलेत, त्यातही टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते चुकलंय. मग हात टायरच्या गोलाईवरून फिरवा, पुढे आणि मागे. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड खाली बसलेली आणि दुसरी वर आलेली लागली तर ती हील-टो झीज, आणि ही रोटेशन लांबवल्याची अगदी ठळक खूण आहे.

माझ्या गाडीत असंच झालं होतं. साठच्या पुढे गेलं की मागून घूं घूं आवाज, मी धरून चाललो की व्हील बेअरिंग गेलं, बदललं पण, आवाज जसाच्या तसा. शेवटी एक दिवस चाकाशी बसून मागच्या टायरवरून हात फिरवला तर सगळे ठोकळे पायऱ्यांसारखे लागले, २२,००० किलोमीटर रोटेशनच केलेलं नव्हतं. पुढे घेतल्यावर तोच आवाज पुढून यायला लागला, दोनेक महिन्यांत बराच कमी झाला पण पूर्ण कधीच गेला नाही. म्हणून नवीन टायरचं पहिलं रोटेशन तर अजिबात चुकवू नका, नक्षी खोल असते तेव्हाच ठोकळे जास्त हलतात आणि असे वाकडे झिजतात.

आता रोटेशनने बरं न होणाऱ्या गोष्टी. टायर फक्त मधे झिजलाय तर हवा जास्त भरली जातेय, दोन्ही कडा गेल्यात तर हवा कमी. एकच कड खाल्लीये तर अलाइनमेंट, आणि गोलाईवर खड्डे खड्डे पडले असतील तर शॉक अब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का ते बघा. आधी ते दुरुस्त करा आणि मग रोटेट करा, नाहीतर गाडी टायर खातेच आहे आणि तुम्ही तिला चांगला टायर पुढे करताय. रोटेशन, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही तीन वेगळी कामं आहेत, एक केलं म्हणजे बाकीची झाली असं नसतं.

खूप उशीर झाला असेल तर मात्र करू नका. पुढे २.५ उरलंय आणि मागे ६ आहे, अशा वेळी गुळगुळीत टायर मागे टाकले तर पावसात वळणावर गाडीची मागची बाजू सटकते आणि ती सावरणं फार अवघड असतं. त्यापेक्षा दोन नवीन घ्या, नवीन मागे लावा, आधीचे मागचे पुढे आणा.

कुठला टायर कुठे जातो ते थोडक्यात सांगतो. फ्रंट व्हील ड्राइव्हला पुढचे सरळ मागे जातात आणि मागचे बाजू बदलून पुढे येतात. रिअर व्हील ड्राइव्हला उलटं, मागचे सरळ पुढे, पुढचे बाजू बदलून मागे. ऑल व्हील ड्राइव्हला मॅन्युअल बघा, बहुतेक वेळा रिअरसारखंच असतं. टायरच्या बाजूला फिरायच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त त्याच बाजूला पुढचा मागे आणि मागचा पुढे. पुढच्या मागच्या टायरची साइझच वेगळी असेल तर पुढे मागे करताच येत नाही. स्टेपनी बाकीच्या टायरसारखीच, त्याच साइझची असेल तर तिलाही चक्रात घ्या, बारीक टेम्पररी स्टेपनी असेल तर नाही.

काम झाल्यावर हवा परत चेक करा, बऱ्याच गाड्यांना पुढे आणि मागे वेगवेगळी हवा लागते आणि हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. काही गाड्यांत टायर प्रेशरचा सेन्सर नव्या जागेनुसार रीसेट करावा लागतो. नट एका मागोमाग एक गोल न आवळता समोरासमोरचे आवळायचे, शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, आणि ८०-१०० किलोमीटर झाले की परत एकदा बघायचे.

चाक काढलेलंच आहे तर टायरची आतली बाजू नीट बघून घ्या, फुगवटा किंवा चीर असेल तर ती तेव्हाच दिसते, ब्रेक पॅड किती उरलेत तेही कळतं. मग तारीख, किलोमीटर आणि चारही टायरची रीडिंग मोबाइलमधे लिहून ठेवा, पुढच्या वेळी मोजाल तेव्हा शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.