न दिलेल्या कामाचे ५० गुण: अमेरिकेतल्या हायस्कूलचं ग्रेडबुक कसं वाचायचं

"मुलगी टेस्टमध्ये नव्वदच्या घरात आहे, मग डी कशी आली?" आणि "त्याने प्रोजेक्ट दिलाच नाही, तरी शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवर ५० कसे?" मी अमेरिकेतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. क्वार्टर, म्हणजे शालेय वर्षाचा चौथा भाग, संपत आला की मराठी मंडळातल्या आईबाबांचे हे दोन प्रश्न हमखास येतात. मूळ दोन्हींचं एकच आहे: न केलेल्या कामाला शाळा किती गुण धरते.

आपण ३५ ला पास होणाऱ्या पद्धतीत वाढलो. तिथे ० ते ३४ म्हणजे नापास. इथे बहुतेक शाळांत ९० पासून ए, ८० पासून बी, ७० पासून सी, ६० पासून डी आणि त्याखाली सगळं एफ. म्हणजे बाकी ग्रेडना दहा-दहा गुणांची जागा आणि एकट्या एफला साठ. शिवाय वर्षभराची कसर मार्चमधल्या बोर्डाच्या परीक्षेत भरून काढायची सोय नाही. शाळा उघडल्यापासूनचा प्रत्येक गृहपाठ, क्विझ, लॅब रिपोर्ट सरासरीत जातो.

कागद घेऊन हिशोब करा. ८५, ९०, ८०, ८८ आणि एक न दिलेलं काम. त्याला शून्य धरलं तर सरासरी ६८.६, डी. ५० धरले तर ७८.६, सी. शिक्षकांनी ते 'एक्स्क्यूज्ड', म्हणजे माफ केलं, तर भागाकार चारने होतो आणि ८५.७५ येतात, बी. मूल तेच, त्याची समजही तीच. पुढचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं: पहिल्याच कामाला शून्य मिळालं, तर सरासरी ८० वर आणायला त्यानंतर प्रत्येकी ९० गुणांची आठ कामं लागतात. शून्याऐवजी ५० असतील तर तीन पुरतात. ऑक्टोबरमध्ये दोन-तीन शून्यं पडलेलं मूल उरलेलं वर्ष हात बांधून बसतं, ते यामुळे. कोणत्याही कामाला ५० पेक्षा कमी न धरण्याचा, म्हणजे किमान ५० चा नियम त्यासाठीच आला, आणि त्याचा हेतू मला पटतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरी हायस्कूलच्या सात वर्षांच्या गुणांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. या नियमामुळे ग्रेड फुगतात, असं त्यात आढळलं नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काहीही न देता ५० मिळत असतील, तर पाचपैकी एकच काम पूर्ण गुणांचं करून बाकी चार सोडून दिली तरी सरासरी ६० येते आणि मूल पास होतं. पंधरा वर्षांच्या मुलाला हे गणित फार लवकर जमतं. म्हणूनच या विषयावर इथे कडाक्याचे वाद होतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) मे २०२५ मध्ये ग्रेडिंग बदलण्याची योजना मांडली आणि पालकांचा विरोध पाहून लगेच मागे घेतली.

तर आधी आपल्या डिस्ट्रिक्टचा नियम नेमका काय आहे ते शोधा. सगळीकडे तो सारखा नसतो. काही ठिकाणी काम दिलं पण फार चुकलं, तरच किमान ५० मिळतात. दिलंच नाही तर शून्य. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत बरीच वर्षं असाच फरक केला जात होता. काही ठिकाणी न दिलेल्या कामालाही ५० धरतात. काही ठिकाणी एकेका कामाला शून्य चालतं, पण क्वार्टरची ग्रेड ५० च्या खाली लिहीत नाहीत. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ग्रेडिंगचं धोरण असतं आणि प्रत्येक शिक्षकाच्या सिलॅबसमध्ये, म्हणजे त्या वर्गाच्या माहितीपत्रकात, उशिराच्या कामाचा नियम असतो. दोन्ही वाचा. बॅक-टू-स्कूल नाइटला, म्हणजे पालकांनी शिक्षकांना भेटायच्या संध्याकाळी, दहा मिनिटं मिळतात, तेव्हा एवढंच विचारा: उशिरा दिलेलं काम कोणत्या तारखेपर्यंत घेता, आणि त्याला जास्तीत जास्त किती गुण?

मग पोर्टल उघडा. इथे पालक सर्वांत जास्त फसतात ते कोऱ्या रकान्याने. कॅन्व्हससारख्या ऑनलाइन ग्रेडबुकच्या प्रणालीत न तपासलेलं काम सहसा सरासरीत धरत नाहीत. त्यामुळे चार कामं बाकी असतानाही ९२ टक्के दिसू शकतात, आणि शिक्षकांनी रविवारी रात्री बसून शून्यं भरली की सोमवारी तेच ६५ होतात. न दिलेल्या कामाला आपोआप ठरावीक टक्के लावायची सोयही शिक्षकांकडे असते. म्हणून वरचा टक्क्यांचा आकडा नंतर बघा. आधी 'मिसिंग' असा शेरा कुठे आहे ते बघा. ५० दिसले तर ते कमावलेले आहेत की नियमाने बसवलेले, हे मुलाला शांतपणे विचारा.

सगळी राहिलेली कामं एकदम काढायला बसवू नका. ग्रेडबुकात प्रत्येक गटाचं वजन दिलेलं असतं. टेस्ट आणि प्रोजेक्टना ७० टक्के आणि गृहपाठाला १० टक्के वजन असेल, तर सहा वर्कशीटपेक्षा बुडालेली एक टेस्ट आधी. मुदत संपत आलेलं त्याच्याही आधी.

शिक्षकाला ईमेल मुलाने लिहायचा, शाळेच्या खात्यावरून. तीन-चार ओळी पुरतात: कोणतं काम राहिलं, कशामुळे, कोणत्या दिवशी देतो, आणि समजलं नसेल तर शाळा सुटल्यावर कधी येऊ. असा ईमेल आला की मी त्या मुलासाठी जमेल ते करते. आईवडिलांचा "५० चे ६० करा" असा आला, तर मला त्यात करण्यासारखं काहीच नसतं. आठवडाभर उत्तर नाही आलं तर मग तुम्ही लिहा, त्यानंतर शाळेच्या काउन्सेलरला गाठा.

आपल्या घरांमधली एक खास अडचण म्हणजे डिसेंबरची भारतवारी. सुट्टीला जोडून दोन आठवडे जास्त काढले, तर बऱ्याच शाळा ती गैरहजेरी एक्स्क्यूज्ड धरत नाहीत, आणि मग बुडालेल्या टेस्टचं काय करायचं हे नियमावर जातं. तिकीट काढण्याआधी ऑफिसातून आगाऊ रजेचा फॉर्म घ्या आणि प्रत्येक शिक्षकाला कळवा. दिवाळीचं वेगळं आहे. धार्मिक सणाची रजा बहुतेक डिस्ट्रिक्ट मान्य करतात, फक्त लेखी कळवावं लागतं.

आणि काम सतत राहत असेल, तर त्यामागे आळसच आहे असं धरून चालू नका. लक्ष न लागणं, नैराश्य, वाचनातली अडचण यांची इथे नीट दखल घेतली जाते. '५०४ प्लॅन' (अशा अडचणी असलेल्या मुलासाठी शाळेने करायचा सवलतींचा आराखडा) झाला तर त्यात ठरलेल्या सवलती, उदाहरणार्थ जादा वेळ, देणं शाळेवर बंधनकारक होतं. आपल्याकडे लोक काय म्हणतील म्हणून हे मागायला पालक कचरतात. कृपा करून मागा.

वरच्या वर्गात गेल्यावर ५० च्या आधाराने मिळालेल्या डीवर समाधान मानू नका. हायस्कूल डीला पास म्हणत असलं, तरी कॅलिफोर्नियातली यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ही दोन्ही सरकारी विद्यापीठं प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांत सी किंवा त्यावरचीच ग्रेड धरतात. अल्जिब्रा टूमध्ये डी येण्याची चिन्हं दिसली, तर समर स्कूलची नोंदणी कधी उघडते ते काउन्सेलरला वसंतातच विचारा. जूनपर्यंत थांबलात तर जागा भरलेल्या असू शकतात.